स्थळ, चीक आणि केसपेपर

गेल्या महिन्यात समुपदेशनाच्या या सदरात मी सहज लिहून गेले, की दर वेळी समोरच्या खुर्चीत बसणाऱ्यांनीच का पत्रं पाठवायची, कधी समुपदेशकांनीही पाठवावीत. आता भोगते आहे. 19 पत्रं आली. दोन नुसती फी किती घ्यावी याबद्दल, आणि एक माझ्यावरच रागावलेलं. ते शेवटी घेतलं आहे. उरलेल्या पत्रांत मोठमोठ्या भानगडी असतील असं मला वाटलं होतं. आमच्या अभ्यासक्रमात नीतिनियमांचं एक प्रकरण असतं, त्यातली माणसं पेशंटशी लफडी करतात, खोटे दाखले विकतात. या पत्रांत तसं कुणीच नाही. इथे आई आहे, भाऊ आहे, संस्थेचे सचिव आहेत, म्हशीचा चीक आहे. सगळी भली माणसं, आणि बहुतेक भलेपणापायीच अडकलेली.

पत्रांतले तपशील बदललेत. ज्यांची पत्रं छापली, त्यांना आधी विचारलंय.

*

"ताई, नमस्कार. मी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि तीन वर्षांपासून आमच्या तालुक्याच्या गावात सेंटर चालवते. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे एक मुलगी डिप्रेशनसाठी येत होती. पाच-सहा महिन्यांत बरी झाली, यायची थांबली. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला स्थळ आलं. फोटो पाहिला तर तीच. घरात सगळ्यांना पसंत आहे. आई म्हणाली, 'तुझ्या सेंटरच्या मागच्याच गल्लीतली आहे म्हणे. तुला काही माहिती?' मी 'नाही' म्हणाले, आणि तेव्हापासून मला झोप नाही. सांगितलं तर तिचा विश्वासघात, नाही सांगितलं तर भावाचा." – एक समुपदेशक, सातारा जिल्हा

तुमची झोप भावामुळे उडाली असं तुम्ही म्हणता. मला वाटतं ती त्या 'नाही'मुळे उडाली. तुम्ही आईशी खोटं बोललात, आणि उद्या ती मुलगी तुमच्या ओसरीवर आली आणि ओळखीचं हसली, की तेही उघडं पडेल.

आधी भावाचं बघू. त्याचा विश्वासघात होत नाही. जे तुम्हाला ठाऊक आहे ते त्याच्या बहिणीला ठाऊक नाही, सेंटरच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईंना ठाऊक आहे. तुमची जाऊ बँकेत असती आणि मुलीच्या वडिलांचं थकलेलं कर्ज तिला स्क्रीनवर दिसलं असतं, तर तिने काय करायला हवं होतं? (तिने काय केलं असतं हे विचारू नका. स्थळाची चौकशी हे आपल्याकडे गावकीचं काम आहे.) मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017चा, त्याचं कलम 23 सांगतं, की आजाराची आणि उपचारांची माहिती गुप्त राहणं हा त्या व्यक्तीचा हक्क आहे. तुम्ही एम.ए. झालेल्या, त्या कायद्याच्या व्याख्येत तुम्ही बसता की नाही यावर दोन वकील तासभर भांडतील. त्या मुलीने काही व्याख्या वाचून तुमचं दार लोटलं नव्हतं. आणि गुप्त राखायचं ते फक्त तिचं बोलणं नव्हे. ती तुमच्याकडे आली होती, हेही त्यातच आलं.

तुमच्या मनात आणखी एक शंका आहे, लिहिली नसली तरी दिसते: लग्नाच्या बाबतीत लपवणं म्हणजे फसवणूक नाही का? हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण तो माणूस लग्नाला आणि संततीला अपात्र ठरावा इतक्या गंभीर आजाराचा. पाच-सहा महिने उपचार घेऊन पुन्हा कामाला लागलेली मुलगी त्यात कुठे बसते? तिने स्वतः होणाऱ्या नवऱ्याला सांगावं का, तर माझ्या मते सांगावं. कांदेपोह्यांच्या बशीसमोर नव्हे, दोघं एकटे भेटतील तेव्हा. पण हे मत मी तिने विचारलं तर तिला देईन. तुम्हाला किंवा तुमच्या आईला देऊन उपयोग नाही.

मग करायचं काय? पाहण्याच्या कार्यक्रमाला जाऊ नका. कारण कुठलंही सांगा, फक्त तिच्याशी जोडलेलं नको. 'जरा घाई होतेय', 'पत्रिका नीट बघा' असली वाक्यं गिळा. भुवईसुद्धा उचलू नका. आणि उलट्या बाजूनेही नको. 'मुलगी गुणी आहे हो' हेही तुम्ही केसपेपर वाचूनच बोलणार ना?

आईचं अवघड आहे. 'मी आपल्या गावातल्या कुणाहीबद्दल हो-नाही सांगत नाही' हे तुम्ही सेंटरचं उद्घाटन झालं त्याच दिवशी घरी सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नव्हतं. 1994 साली कराडात औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी सुरुवात केली, तेव्हा जिन्यावर कोण चढतं हे अख्खा रस्ता बघायचा आणि रात्री जेवताना सासूबाई यादी वाचायच्या. 'ती कुलकर्ण्यांची सून आली होती का गं?' पहिल्यांदा 'नाही' म्हटलं, दुसऱ्या नावाला गप्प बसले, की झालं, दुसरं नाव आलं होतं हे त्यांना कळलं. मौन सरसकट पाळलं तरच ते मौन. वर्षभर फुरंगटल्यानंतर सासूबाई पाहुण्यांना सांगू लागल्या, "हिला काही विचारू नका, ही त्या बाबतीत मुकी आहे." त्या दिवसापासून माझं काम सोपं झालं. तुम्ही हे आईशी आत्ता, या स्थळावरून बोलू नका, तिला लगेच वास येईल. दुसऱ्या कुणाचं काही निघेल तेव्हा बोला, आणि मग कायमचं तसंच वागा.

बोलणी खरंच पुढे गेली तर त्या मुलीला एकदाच फोन करा. सेंटरच्या फोनवरून, तिने स्वतः दिलेल्या नंबरवर, फक्त तिच्याशी. सांगायचं एवढंच: हा माझा भाऊ आहे, मी घरात कुणाला काही बोललेले नाही आणि बोलणार नाही, आपण भेटलो तर ओळख दाखवायची की नाही ते तू ठरव. तिला काही विचारू नका. 'तू सांगणार आहेस का' हे तर अजिबात नको. काही जण म्हणतील, हा फोनही आगाऊपणा आहे. असेल. पण नणंद म्हणून दारात उभी असलेली समुपदेशक तिला साखरपुड्याच्या दिवशी दिसावी, यापेक्षा तो मला बरा वाटतो.

आणि लग्न झालंच, तर ती पुन्हा कधीही तुमची क्लायंट होऊ शकत नाही, पाच मिनिटांपुरतीसुद्धा नाही. दिवाळीत तिचा चेहरा उतरलेला दिसला तर तुम्हाला त्यामागचं जे कळेल ते घरात दुसऱ्या कुणालाच कळणार नाही, आणि तुम्ही लाडूच वळत बसायचं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता 1953 साली पहिल्यांदा निघाली. आजच्या तिच्या रूपात जुन्या क्लायंटशी शरीरसंबंधांना निदान 2 वर्षांची बंदी आहे, आणि पुढेही जवळजवळ नाहीच. भावाच्या स्थळाबद्दल त्यात ओळ नाही. म्हणून सांगते, एखाद्या वरिष्ठांशी नाव-गाव न घेता हे बोला. जिल्ह्यातल्या नकोत, त्यांना दोन वाक्यांत घर ओळखता येईल. पुण्याच्या किंवा नागपूरच्या गाठा.

*

"माझी मुलगी अकरावीत आहे, वय 16. समुपदेशनाच्या सहा बैठका झाल्या, दर बैठकीला 800 रुपये मी भरतो. मॅडम मला काहीच सांगत नाहीत. शाळेचं प्रगतिपुस्तक पालकांना मिळतं, मग याचं का नाही?" – एक वडील, पिंपरी

पैसे तुम्ही भरता, पण ती तासाभराची जागा तुम्ही तिच्यासाठी भाड्याने घेतली आहे. त्या खोलीत तुम्ही डोकावायचं नाही.

असं म्हटलं तरी अर्धी चूक त्या मॅडमची आहे. पालकांना काय सांगणार आणि काय सांगणार नाही, हे पहिल्या दिवशी तुम्हा तिघांना एकत्र बसवून बोलायला हवं होतं. दहा मिनिटं लागतात. अल्पवयीन मुलाचे पालक हे कायद्यानेच त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीने बोलणारे, असतात, आणि ते काम करायला लागेल तेवढी माहिती त्यांना मिळायला हवी. तेव्हा पुढच्या वेळी विचारा: ती सुरक्षित आहे ना? मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवं का? घरात आम्ही काय बदलू? अजून साधारण किती महिने? या प्रश्नांची उत्तरं त्यांनी दिलीच पाहिजेत. 'ती काय म्हणाली' आणि 'कोण आहे' हे प्रश्न तुमचे नाहीत.

मी हे इतक्या ठामपणे का म्हणते? 1997 साली माझ्याकडे दहावीतली एक मुलगी यायची. (हे तिच्या परवानगीने लिहिते आहे.) आई बाहेर बाकावर डबा घेऊन बसायची. एकदा जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "फक्त एवढंच सांगा मॅडम, कुणी मुलगा आहे का?" मी तर हो म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "काळजी करू नका, एवढं गंभीर काही नाही." त्या 'एवढं'मध्ये आईला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं. संध्याकाळी मुलीच्या सायकलला कुलूप लागलं, क्लास बंद झाला. ती आणखी एकदाच आली. चाळीस मिनिटं घड्याळाकडे बघत बसली आणि उठताना म्हणाली, "तुम्ही पण." त्यानंतर मी जिन्यात कुणाशी बोलत नाही. अगदी पाऊस कसा आहे हेसुद्धा नाही.

*

"एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत टॅरासॉफ केस हमखास येते. पण प्रत्यक्षात गुप्तता कधी मोडायची?" – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

परीक्षेसाठी तुम्ही 1976 हे साल पाठ केलंच असेल. पण ती केस मुळात कळायला हवी. प्रसेनजित पोद्दार हा भारतातून अमेरिकेत बर्कलेला शिकायला गेलेला विद्यार्थी. ओळखीच्या तातियाना टॅरासॉफला मारणार, असं तो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांना 1969च्या उन्हाळ्यात म्हणाला. पुस्तकं इथे घाईने पुढे जातात. त्या मानसशास्त्रज्ञांनी गुप्तता मोडली होती! त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी पोद्दारला थोडा वेळ ताब्यात घेतलं, शहाणा दिसतोय म्हणून सोडलं, आणि विभागाच्या प्रमुखांनी नोंदी नष्ट करायला सांगितल्या. ऑक्टोबरमध्ये तातियानाचा खून झाला. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कुणी काही कळवलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं ते तिथे: जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवण्यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?

आपल्या कलम 23मध्येही अपवाद आहेत. दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवायचं असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर तेवढ्यापुरती माहिती देता येते. 'तेवढ्यापुरती' या शब्दाखाली रेघ मारा. आमच्या भागात हे बहुधा बांधावरून येतं. भावाने नांगर घालताना बांध कोरला, आणि समोरचा माणूस म्हणतो, "एकदा कोयता घालतोच त्याला." (ही एका माणसाची गोष्ट नाही, तीन माणसांची मिळून केली आहे.) सांगली-साताऱ्यात हे वाक्य चहा पितानाही बोललं जातं. मग मी विचारते, कधी? कोयता कुठे आहे? दारू प्यायल्यावर की एरवीही? भाऊ संध्याकाळी कुठे असतो? उत्तरं जितकी नेमकी येतात तितकी मी घाबरते. मग मी त्याला तोंडावर सांगते, की हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही, तुझ्या बायकोला आत्ता फोन करणार आहे, नंबर तूच सांग. बऱ्याचदा तोच सांगतो. त्याला कुणीतरी अडवायला हवं असतं, म्हणून तर तो माझ्याकडे येऊन बोलतो. नंबर दिला नाही, तर पोलीस. आणि काय ऐकलं, कुणाला विचारलं, काय केलं हे त्याच दिवशी वेळ घालून लिहून ठेवायचं.

*

एका शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र आलं होतं. सातवीतल्या मुलीने घरातल्या एका पुरुषाबद्दल काही सांगितलं होतं आणि संस्थेचे सचिव म्हणत होते, 'आधी आपण अंतर्गत चौकशी करू, शाळेचं नाव आहे.' हे पत्र छापत नाही आणि उत्तरासाठी मी अंकाची वाटही पाहिली नाही, त्याच दुपारी फोन केला. पण तुमच्यातल्या आणखी कुणावर ही वेळ येईल म्हणून थोडक्यात लिहिते.

पॉक्सो कायद्याखाली, 2012 पासून, 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. कलम 19. न कळवणं हा गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत. खरं आहे की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही, आणि शाळेच्या समितीने तर मुळीच नाही. चांगल्या हेतूने कळवलं तर तुमच्यावर ठपका येत नाही, हेही त्याच कलमात आहे. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. पहिल्यांदा बोलली ते तिच्याच शब्दांत लिहा. ती घरात जो शब्द वापरते तोच, तुमचा पुस्तकी शब्द घालू नका. आणि तिला सांगितल्याशिवाय कळवू नका. 'हे कुणाला सांगणार नाही' असं वचन तुम्ही तिला आधी देऊन बसला असाल, तर तिची माफी मागा. असं वचन कुठल्याच मुलाला द्यायचं नसतं.

बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या अत्याचाराच्या प्रकरणावरून लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. सचिवांना त्याची आठवण करून दिली तरी चालेल.

*

"क्लायंट गावाकडून भाजी, तांदूळ आणतात. घ्यायचं की नाही?" – मिरज

घ्या, पसाभर, आणि केसपेपरवर लिहून ठेवा. पोतं घेऊ नका. अंगठी, साडीचोळी, मुलाच्या वाढदिवसाचं पाकीट, नाही. माझ्याकडे एकाने म्हैस व्याली म्हणून बरणीभर चीक आणला होता. चीक कोण परत पाठवतं? खरवस केला, खाली दुकानात वाटला, आणि रिकामं भांडं परत पाठवू नये म्हणून बरणीत साखर घालून दिली. पुढच्या बैठकीला विचारलं, "चीक का आणलात?" तो म्हणाला, "मॅडम, गेल्या दोन बैठकींची फी राहिलीय." मग फीबद्दल बोललो. तेच बोलायचं होतं त्याला.

*

"माझ्याकडे एक महिला येते. घटस्फोटाची केस चालू आहे. तिचे वकील म्हणतात, 'नवरा मनोरुग्ण आहे असं लेटरहेडवर लिहून द्या.' तिने सांगितलेल्या गोष्टींवरून मलाही तसंच वाटतं." – ठाणे

तुम्हाला वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा. ज्याला पाहिलं नाही त्याचं निदान लिहायचं नाही. 1964 साली अमेरिकेत एका मासिकाने हजारो मनोविकारतज्ज्ञांना विचारलं, की राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या लायक आहेत का. 1,189 जणांनी 'नाही' म्हणून कळवलं. त्यांतल्या कुणीही गोल्डवॉटरना तपासलं नव्हतं. गोल्डवॉटर त्या मासिकाविरुद्ध कोर्टात गेले आणि जिंकले. पुढे 1973 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने न तपासलेल्या माणसाबद्दल व्यावसायिक मत जाहीरपणे देऊ नये असा नियमच केला.

तुम्ही लिहू शकता ते इतकंच: या व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतक्या वेळा आल्या, मला त्यांच्यात हे दिसलं, घरच्या परिस्थितीबद्दल त्यांनी असं असं सांगितलं. 'त्यांनी सांगितलं' हे दोन शब्द खोडायला वकील सांगतील. खोडू नका.

आणि एक. वकिलाला त्याचा अशील काय बोलला हे कोर्टात सांगावं लागू नये म्हणून साक्षीच्या कायद्यात संरक्षण आहे. आपल्याला तसलं नाही. कोर्टाने नोंदी मागितल्या तर द्याव्या लागतात, हे या बाईंना पहिल्या बैठकीत सांगितलं होतं का? नसेल, तर आज सांगा. आणि केसपेपर लिहिताना समोर न्यायाधीश आणि तिचा नवरा दोघंही वाचताहेत असं समजून लिहा. माझे जुने केसपेपर काढून बघितले तर मलाच लाज वाटते. 'सासू खाष्ट' असं एकावर मी चक्क लिहिलं आहे, सासूला कधीही न भेटता.

*

"आमच्या मुलाची बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता-चाचणी केली. 5,000 रुपये घेतले. त्याने कॉमर्स घ्यावं असं निघालं. विश्वास ठेवावा का?" – अकोला

नाही. बोटांच्या रेघांवरून मुलाचा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. हस्तरेषा बघणारे निदान दक्षिणा म्हणून नारळ घेतात.

खऱ्या चाचण्यांनाही वय असतं, हे मात्र आमच्यातले लोक सांगत नाहीत. मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली बुद्धिमापन चाचणी नागपूरहून 1969 साली आली, आणि मी सुरुवात केली तेव्हा आम्ही सर्रास वापरत होतो. तेव्हाच्या मुलांशी तुलना करून आजच्या मुलाला आकडा चिकटवायचा, तर आकड्याखाली चार ओळी जास्तीच्या लिहायला नकोत का? अहवाल हातात पडला की विचारा: चाचणी कोणती, कधीची, कुठल्या भाषेत घेतली, घेणाऱ्याचं शिक्षण काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागितला म्हणून कुणी चिडलं, तर चप्पल घाला.

*

"तुमच्या सदरात मागे तुम्ही एका बाईबद्दल लिहिलं होतं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं, दोन मुलांची एक मुलगी केली होती. पण नवरा वारल्यावर ती दर रात्री त्याची शर्टं उसवून पुन्हा शिवायची, हे तुम्ही ठेवलंत. मशीनचा आवाज शेजाऱ्यांना झोपू देत नव्हता, हेही. माझ्या जावेने तो अंक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, 'बघ, तुझ्यासारखीच कुणीतरी.' तिला कळलं होतं. मी तुमच्याकडे चार महिने आले होते. मला एकदा तरी विचारायचं होतंत." – सही आहे

हे पत्र आलं त्या दिवशी मी बाकीची अठरा वाचू शकले नाही.

मी विचारलं नाही, कारण मला वाटलं विचारायची गरज नाही. नाव, गाव, मुलं, नोकरी, चार गोष्टी बदलल्या की झालं, असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मीही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना तेच शिकवत आले. पण माणूस ओळखू येतो तो नावावरून नाही. शर्टं मी बदलली नाहीत, कारण शर्टं काढली तर लेखात काही उरत नव्हतं. तो लेख चांगला झाला होता, लोकांनी फोन केले होते. तुमचं दुःख मी माझ्या लेखासाठी वापरलं, त्याला दुसरं नाव नाही. आणि वाईट याचं, की लिहिताना मला ते तुमच्यावरचं प्रेम वाटत होतं.

तुमची माफी मी फोनवर मागितली आहे. तुम्ही ती अजून दिलेली नाही, आणि द्यायची घाई करू नका. ऑनलाइन अंकातून तो लेख काढायला संपादकांना सांगितलंय, गेल्या मंगळवारी तो निघाला. छापील अंक परत घेता येत नाहीत. तुमची फाइल तुम्हाला हवी तर मिळेल, तो तुमचा हक्कच आहे. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर कोल्हापुरातली दोन नावं मी कळवली आहेत, आणि त्यांना मी काहीही सांगितलेलं नाही.

या सदरात यापुढे एका माणसाची गोष्ट असेल तर त्याने वाचल्याशिवाय छापली जाणार नाही. हे पत्रसुद्धा आधी त्यांना पाठवलं. छापायची कल्पना त्यांचीच, पण मसुद्यातली दोन वाक्यं त्यांनी खोडून पाठवली. शर्टांचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं, म्हणाल्या, ते आता सगळ्यांना माहीतच आहे. खोडलेली दोन्ही वाक्यं मला अगदीच निरुपद्रवी वाटली होती.